हसलं कोण, मंडळी?

मंडळी, एक सांगा! दुसऱ्याची चूक दाखवणं हे पुण्य की पाप? — पुण्य? मांडवात मागून कोण म्हणालं? बरं, बघतो तुमच्याकडे नंतर!

ऐका. तालुक्याच्या गावी पळसुले सर इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. ज्ञान अफाट, पण जीभ — विंचवाची नांगी! त्यांच्या वर्गात आली इंदुबाई, अंगणवाडी सेविका. चाळिशीची बाई. पर्यवेक्षिकेची परीक्षा द्यायची होती, आणि इंग्रजीचा पेपर आडवा आलेला! आजूबाजूला सगळी विशीतली पोरं. तरी पदर खोचून बसली पहिल्या बाकावर.

सरांनी उतारा लिहायला दिला. हिनं मन लावून लिहिला, पण पूर्णविराम एकही नाही! वाक्य संपलं की स्वल्पविराम, पुढचं संपलं की पुन्हा स्वल्पविराम. सरांनी कागद उचलला आणि सगळ्यांसमोर एका दमात सुरू — "आय वर्क इन अंगणवाडी, चिल्ड्रन कम, दे क्राय, आय गिव्ह खिचडी, दे स्टॉप, मदर्स कम, आय टॉक, आय टॉक—" आणि छाती धरून धापा टाकत म्हणतात, "पोरं थांबली हो, बाई काही थांबेनात!"

वर्ग खो खो हसला. अरे, लाज नाही वाटत? आईच्या वयाची बाई ती! इंदुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी उचलली, निघाली. त्या दारातून गेली असती ना, तर परीक्षाही गेलीच होती! पण उंबऱ्यावर वळली.

"सर, कुठं थांबायचं ते कळत नव्हतं, म्हणून तर आले. तुम्ही मला ते सांगितलंच नाही. ह्यांनी कुठं हसायचं, तेवढं सांगितलंत!"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी खडू घेतला. "बसा, बाई. चुकलं माझं. हे बघा — 'चिल्ड्रन कम.' सांगून झालं ना? मग पूर्णविराम. दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडायची नसतात. जोडायचीच तर त्याच्यापुढं 'अँड' घाला, 'बट' घाला."

"एवढंच?" इंदुबाई म्हणाली.

एवढंच, मंडळी! दोन मिनिटांचं काम! त्यासाठी बाईला रडवलं! संताप येतो ना सरांचा?

पण थांबा! मघाशी मीही तो उतारा एका दमात वाचला. तेव्हा हसलं कोण? सगळा मांडव हसला! घरी सून चार माणसांत अडखळली, की हाच हशा ना? चूक दाखवणं पुण्य खरं — पण शेजारी बसून! टाळ उचलताय? राहू द्या. आधी माना खाली घाला!