यंत्र ‘बसा’ म्हणत नाही

...बरं, ते यंत्र मी मागितलं होतं का? नाही, तुम्हीच सांगा! मी आपला संगणक विभागात गपगुमान बसलेला माणूस. कोणाचा प्रिंटर अडकला की कागद ओढून काढायचा, कोणी पासवर्ड विसरलं की “नवा देतो, पण हा तरी लक्षात ठेवा” म्हणायचं, एवढाच माझा संसार! आणि साहेब कुठल्याशा परिषदेला गेले, भरल्या पोटी भाषण ऐकून आले, आणि आल्या आल्या मला म्हणाले (साहेबांचा आवाज असा... नाकातून, प्रत्येक वाक्याचं उद्घाटन केल्यासारखा), “आपल्या कंपनीचं स्वतःचं शोधयंत्र हवं! सगळ्या विभागांच्या सगळ्या फायली! प्रश्न टाइप केला की उत्तर हजर! तुम्ही बसवा!” बसवा! लिफ्ट बसवणारी कंपनी आमची, साहेबांना वाटतं जगात काहीही बसवता येतं. मी म्हटलं, बसवतो. आता यात माझं काय चुकलं?

मग विकणारा आला. टाय इतका घट्ट की प्रत्येक ‘सर’ला डोळे बाहेर यायचे. “सर, हे संपूर्ण खाजगी आहे, सर! यंत्र तुमच्याच इमारतीत, तुमच्याच कुलपात, आतला एक शब्द बाहेर जाणार नाही, सर!” अहो, आमच्याकडे आतला शब्द या टेबलावरून त्या टेबलावर जात नव्हता, बाहेर कसला जातोय! यंत्राला जागा दिली जिन्याखालची, जिथे झाडू ठेवायचे तिथली. झाडू कुठे ठेवले? माझ्या खोलीत! यंत्राला एसी, आणि मला टेबलफॅन, तोही मान मोडलेला, मला सोडून झाडूंना वारा घालतो.

मग बैठक झाली, कोणाची फाईल कोणाला दिसावी यावर. हिशेबवाल्या बाई म्हणाल्या, “आमचं कोणाला दिसता कामा नये. खरेदीवाल्यांचं मात्र आम्हाला दिसलंच पाहिजे.” खरेदीवाले म्हणाले, “आमचं दिसायचं कारणच नाही, पण हिशेबात काय चाललंय ते कळायला नको?” थोडक्यात काय, प्रत्येकाला शेजारच्या घरात डोकवायचं होतं आणि स्वतःच्या खिडकीला पडदा हवा होता. आणि फायलींची नावं! ‘फायनल’. ‘फायनल नवीन’. ‘खरंच फायनल’. ‘हेच घ्या’. एक होती ‘हे घेऊ नका’, आणि यंत्राला नेमकी तीच आवडायची! काहीही विचारा, सगळ्यात वर ‘हे घेऊ नका’! मी महिनोन्‌महिने ती नावं निस्तरली. डोळ्यांच्या खाचा झाल्या.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं चालत कसं होतं? नकाशेकाकांवर चालत होतं! दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसतात, जुन्या लिफ्टांचे नकाशे त्यांच्याकडे, म्हणून नकाशेकाका. कोणीही गेलं की पहिला शब्द, “बसा.” मग चष्मा पुसणार. मग, “कोणती लिफ्ट? ती होय... तेव्हा आमच्या धाकटीचं लग्न ठरत होतं...” धाकटीचं लग्न लागून ती सासरी गेली की काका उठणार, कपाट उघडणार. नकाशा मिळाला तर मिळाला, नाही तर “उद्या या, बघून ठेवतो.” निवृत्तीचं वय कधीच उलटलंय, दरवर्षी मुदतवाढ मिळते. काकू गेल्या, धाकटी दूर, घरी दोन खोल्या आणि एक नळ, तोही गळका. तिथे त्यांना विचारायला कोण येणार?

तर शेवटी यंत्र सुरू झालं. सभा भरली, साहेब मधोमध, आणि नेमका मेकॅनिकचा फोन! दवाखान्यातली जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय, आत दोन नर्स, वायरिंगचा नकाशा ताबडतोब पाठवा. मी देवाचं नाव घेऊन टाइप केलं, आणि तुम्हाला सांगतो... आला! ‘हे घेऊ नका’ नाही, खराखुरा नकाशा! नर्स सुटल्या, टाळ्या पडल्या, काकांनीही वाजवल्या, सगळ्यांचं थांबलं तरी ते वाजवतच होते. आणि साहेब, काका समोर बसलेत याचंही भान नाही, म्हणाले, “वा! यंत्र आहे, मग यंदा काकांना मुदतवाढ कशाला?” काकांचे हात तसेच राहिले, एकावर एक. मी नकाशा शोधला, दोन बायका सोडवल्या... यात माझं काय चुकलं?

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावर कोणी जाईना. मी आपला निमित्त काढून जिन्यावरून बघायचो, काका समोरची रिकामी खुर्ची फडक्यानं पुसतायत. सकाळी पुसली, दुपारी परत पुसली, बसलेलं कोणीच नाही तर धूळ कसली? घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “अहो, त्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय आणलात, आणि पोळी गार आहे म्हणून कुरकुरताय?” गिळलं तसंच.

आणि एक दिवस काकाच माझ्या दारात. झाडू बाजूला सारून स्टुलावर बसले. “शिकव रे बाबा मला ते.” मी शिकवलं. एका बोटानं टाइप करतात, ते बोटही आधी हवेत फिरतं, घार फिरावी तसं. आणि यंत्राला काय लिहिलं माहितीये? “सप्रेम नमस्कार. आपणांस तसदी देत आहे. बाजारपेठेतल्या जुन्या लिफ्टच्या दाराचा नकाशा मिळाल्यास आभारी होईन.” यंत्रानं दिला! काकांनी बघितला, मान हलवली आणि म्हणाले, “हुशार आहे. पण ‘बसा’ म्हणत नाही.”

आता गंमत ऐका. लोकांचा यंत्राचा उत्साह ओसरत आला होता. यंत्र एकाला एक उत्तर देतं का? भाराभर देतं! त्यातलं कोणतं घ्यायचं, आणि चुकलं तर बोलणी कोणी खायची? मग एक जण हळूच काकांकडे गेला. काकांनी ‘बसा’ म्हटलं, चष्मा पुसला, संगणकाचा पडदा जरा स्वतःकडे वळवला, एका बोटानं टुकटुक केलं आणि नकाशा हातात ठेवून म्हणाले, “हा घ्या. चुकला तर मी आहे.” संपलं! ‘चुकला तर मी आहे’ हे ऐकायला माणूस चार जिने चढून जाईल हो! महिनाभरात खुर्ची रिकामी राहीना. जो तो म्हणतो, “काकांची स्मरणशक्ती बघा! यंत्र झक मारतं त्यांच्यापुढे!” धाकटीच्या लग्नाची गोष्ट टुकटुक चालू असताना सांगतात, म्हणजे वेळही वाया जात नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोळी गोड लागायला लागली.

आणि मग साहेबांनी भरसभेत यंत्राच्या वापराचा आकडा मागितला. “अख्ख्या कंपनीत फक्त एक माणूस वापरतो? कोण हा?” आता आली का पंचाईत! नाव सांगावं, तर काकांची मुदतवाढ गेली. न सांगावं, तर यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं की काकांची स्मरणशक्तीही गेली! इकडे आड, तिकडे विहीर. काका कोपऱ्यात बसलेले, माझ्याकडे बघतायत... डोळ्यांत पाणीबिणी काही नाही, नुसतं बघतायत. मी म्हटलं, “मीच, साहेब. तपासणीसाठी.” साहेब हसले. “म्हणजे कोणीच नाही! काका आहेत, मग यंत्र कशाला? बंद करा! काकांना मुदतवाढ द्या!” पुन्हा टाळ्या. या वेळी काका वाजवेनात, म्हणून त्यांच्या वाट्याच्या मी वाजवल्या.

बंद केलं. म्हणजे सगळ्यांच्या संगणकावरून काढलं, एक सोडून. कोणता, ते तुम्ही कोणाला सांगू नका. झाडू परत जिन्याखाली गेले, पण तिथला एसी चालूच आहे. साहेबांनी विचारलं तर सांगतो, झाडूंना दमट हवा चालत नाही.

पण साहेबांचं तेवढ्यावर भागलं नाही. माझ्या फायलीवर ‘प्रयोग फसला’ असं लिहिलं आणि हुकूम काढला, “माहिती कशी शोधावी हे शिकण्यासाठी रोज तासभर काकांकडे बसावे.” मी! ज्यानं जिन्याखाली मांडी घालून ते यंत्र बसवलं, तो मी! जातो बापडा. काका म्हणतात, “बसा.” बसतो. समोर माणसं असली की मोठ्यानं म्हणतात, “नीट लक्ष द्या, पाठांतराला पर्याय नाही.” आणि माणसं गेली की माझ्या कानाशी लागतात, “ते परत अडकलंय रे, जरा बघ.” मी टेबलाखाली वाकून बघतो.

परवा माझ्या शिक्षणाचा अहवाल मागवला साहेबांनी. काकांना काही तरी लिहिणं भागच होतं, आणि फार चांगलं लिहिलं असतं तर माझं शिक्षण संपलं असतं, मग टेबलाखाली वाकायला कोण? तर त्यांनी एका बोटानं टाइप केलं, माझ्यासमोर, मलाच शुद्धलेखन विचारून विचारून, “उमेदवार मेहनती आहे. परंतु शोधण्याची दृष्टी अद्याप आलेली नाही. आणखी वर्षभर बसवावे.”

खाली सही कुठे करायची, तेही मीच दाखवलं.