आरशातली मी आणि गल्लीतली मी

अहो, परवा गंमतच झाली. शेजारची केतकी वेबसाइटसाठी चित्रं काढते. मुरार भागातल्या एका लाडूवाल्याला लाडू वळणारी काकू हवी होती, म्हणून तिनं मलाच समोर बसवलं. चित्र संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. मी तिच्या संगणकात डोकावून म्हटलं, "अगं, ही मी नाहीच!"

तिचा चेहरा उतरला. "काकू, रुको, चूक शोधते. चित्र उलटं केलं की ती लगेच दिसते." तिनं बटण दाबून चित्र उलटं केलं, डावं ते उजवं.

"हीच मी! गालावरचा तीळ बघ, आत्ता जागेवर आला."

केतकी हसत सुटली. "तीळ आधीच बरोबर होता, काकू. तुम्ही स्वतःला आरशात बघता ना!"

"म्हणजे पन्नास वर्षं गल्ली बघतेय ती दुसरीच? आण गं तिला परत, जरा ओळख करून घेते."