उतारावरची किल्ली

थांबवा, झांजा थांबवा! पेटीवाले बुवा, सूर तेवढा धरून ठेवा, पुढं लागणार आहे. मंडळी, नाम झालं, निरूपण झालं, आता आख्यान. पण आख्यानाआधी एक प्रश्न!

काटकसर हा गुण की दोष?

गुण! बघा, सगळ्या बायका एका सुरात! बरं, आता दुसरा प्रश्न. आपण जे वाचवतो ना — ते वाचवतो कुठून?

झालं! सगळ्यांच्या नजरा छताकडं!

अहो, पेट्रोल महागलंय, ते काय मी सांगायला हवं? पूर्वी माणसं भेटली की विचारायची, पाऊसपाणी कसं काय? आता विचारतात, आज भाव किती? पंपावर माणूस टाकीचं झाकण उघडतो आणि डोळे मिटून उभा राहतो. एवढी एकाग्रता देवापुढं दाखवली असती, तर केव्हाच पैलतीराला लागला असता!

खरं सांगा. घाटाचा उतार लागला की गाडीची किल्ली बंद करणारे किती? हात वर! लाजता काय? ते मागं खांबाला टेकलेले दादा — तुमचा हात अर्ध्यातच अडकलाय. वहिनी शेजारी आहेत म्हणून? उतार म्हणजे देवाची देणगी, फुकटचं कशाला सोडा! हो ना?

तर ऐका. ही गोष्ट या उताराचीच आहे.

डोंगराच्या माथ्यावर माळेवाडी. खाली पायथ्याला पेठ, पेठेत शाळा. मध्ये आंबेखिंडीचा घाट — नऊ वळणं! माळेवाडीत अनघा नावाची एक आई होती. शिकलेली, बीकॉम झालेली. लेक मुग्धा पहिलीत, धाकटा अजून रांगता. आणि ही अनघा म्हणजे… काय सांगू! पाणी दोनदा उकळणार. लेकीचा स्वेटर आभाळ निरभ्र असलं तरी दप्तरात. द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुणार, आणि ते मीठही आधी उन्हात! नवरा विक्रांत म्हणायचा, "अगं, हिला काचेच्या बरणीतच घालून ठेव ना!" अनघा म्हणायची, "बरणी फुटली तर?"

हसू नका! इथं बसलेली प्रत्येक आई थोडी थोडी अनघाच आहे. मीही आहे.

मुग्धाला शाळेत नेणारे सर्जेराव — पोरांचे सर्जामामा. साठीला टेकलेला माणूस, पांढरी व्हॅन, बारा पोरं. व्हॅनचा सायलेन्सर असा, की गाडी वेशीत आली की घराघरात भाकरी तव्यावरून उतरायची. घड्याळ बघायला नको!

पेट्रोल चढलं. एकदा चढलं, दोनदा चढलं. तिसऱ्यांदा चढलं तेव्हा सर्जामामांनी पालकांच्या ग्रुपवर हात जोडून लिहिलं, "फी थोडी वाढवावी ही विनंती." आता ग्रुप म्हणजे काय, माहितीय ना? वाढदिवसाला चोवीस जण फुलं टाकतात, पैशाचं नाव निघालं की चोवीसच्या चोवीस जण जेवायला बसलेले! शेवटी लिहिलं कुणी? आपल्या अनघानं. शिकलेली ना! तिनं लिहिलं, "महागाई सर्वांनाच आहे. फी वाढणार नाही. प्रत्येकाने काटकसर करून आपापला मार्ग काढावा. जमत नसेल तर आम्ही दुसरी गाडी बघू."

वा! काय भाषा! पटापट अंगठे आले. बावीस अंगठे! सर्जामामांनी जोडलेल्या हातांचं एक चित्र फक्त पाठवलं. अनघाला अगदी गड जिंकल्यासारखं वाटलं. मग ग्रुपची कटकट नको, म्हणून तिनं त्याचा आवाज बंद करून टाकला.

लक्षात ठेवा हं — आवाज बंद करून टाकला!

पंधरा दिवस गेले. एका संध्याकाळी अनघा भाजी चिरतेय, बाहेरच्या खोलीत मुग्धाचा खेळ रंगलाय. पुढं पाट, मागं उशांची रांग, एका उशीवर धाकट्याला बसवलंय. हातात ताटाचं स्टिअरिंग! "भुर्रर्र… भुर्रर्र… मारुतीचं देऊळ आलं!" आणि एकदम सगळं शांत. चिडीचूप!

आईला आवाजाची भीती नसते, मंडळी. आईला भीती असते शांततेची! अनघानं विळी आडवी केली आणि डोकावली. बघते तर मुग्धा दोन्ही हात पसरून बसलेली. धाकट्याच्या कानात म्हणतेय, "श्श! आता गाडीचं विमान झालंय. घरी सांगायचं नाही हं!"

"मुग्धे! काय सांगायचं नाही?"

"काही नाही."

"मुग्धा!"

"अगं, मारुतीच्या देवळापाशी मामा किल्ली अशी फिरवतात. मग गाडी गप्प होते आणि आपोआप जाते. आम्ही हात पसरतो. खाली पूल आला की मामा पुन्हा भुर्र करतात." आणि वर मोठ्या बाईसारखी म्हणते, "पेट्रोल वाचतं ना आई!"

नऊ वळणं, बारा पोरं — आणि बंद इंजिन!

विक्रांत म्हणाला, "अगं, सगळेच करतात. सर्जामामा तीस वर्षं घाट चालवतायत."

"ते काही नाही. उद्या सात वीसला गाडी आली की मी त्यांना उभ्या उभ्या विचारणार. तोवर मुग्धाला गाडीत बसू द्यायचं नाही," असं ती म्हणाली. कुणाला म्हणाली? स्वतःच्या मनाला! विक्रांत तोवर घोरत होता.

सकाळ झाली. शाळेत कवायतीची तालीम, म्हणून गाडी दहा मिनिटं आधी येणार होती. तसा निरोप ग्रुपवर आला होता. पण त्या ग्रुपचा आवाज? बंद! अनघा न्हाणीत धाकट्याला अंघोळ घालतेय, तेवढ्यात सायलेन्सर वाजला. विक्रांतनं कौतुकानं लेकीला उचललं, गाडीत बसवलं, टाटा केला आणि आत येऊन छाती पुढं काढून म्हणतो, "बघ! आज मी सोडली!"

अरे देवा!

अनघानं ओलं पोर त्याच्या हातात कोंबलं, स्कूटीची किल्ली घेतली आणि निघाली! एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची! मृदंगवाले बुवा, घ्या — घ्या! वेस गेली, शाळूची शिवारं गेली, पाण्याची टाकी गेली — ती दिसली पांढरी गाडी! फटफट फटफट आवाज येतोय. "मामा! अहो मामा!" कोण ऐकतंय! मारुतीचं देऊळ आलं. उतार लागला… आणि आवाज गेला.

थांबवा मृदंग.

ऐकलंत? असं झालं. अगदी असं. झाडीत भारद्वाज घुमला, तो तिला ऐकू आला.

आणि मंडळी, त्याच क्षणी अनघाचा स्वतःचा हात… कुठं गेला असेल? किल्लीकडे! सवयीनं! कारण बाजाराला जाताना हाच उतार, हीच स्कूटी, पुढं मुग्धा उभी — आणि देवळापाशी अनघाही दर वेळी किल्ली बंद करायची! पाणी दोनदा उकळणारी आई! आपलाच हात तिनं असा पाहिला, जसा अंगणात साप पाहावा. झटकन मागं घेतला.

पहिलं वळण निघालं. दुसरं निघालं. तिसरं चिंचेचं वळण, आणि खालून उसाची ट्रॉली वर येतेय — रस्ताभर! व्हॅनचा मागचा दिवा लाल झाला. विझला. लाल झाला. विझला. लाल! गाडी थांबेना! अहो, इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा लागतो, मग पायाखाली दगड होतो दगड! आणि मागच्या काचेतून अनघाला काय दिसतंय? पोरांचे पसरलेले हात!

"मुग्धाऽऽ!"

मामांनी किल्ली फिरवली. दांडा खालच्या गिअरमध्ये रेटला. इंजिन असं किंचाळलं की चिंचेवरचे बगळे उडाले! गाडीनं हिसका खाल्ला, डावी चाकं डोंगराकडच्या गटारात घातली, दरडीला खरवडत खरवडत गेली… आणि ट्रॉलीच्या अलीकडं हातभर अंतरावर उभी राहिली.

उभी राहिली हो! घ्या नारायणाचं नाव!

दार उघडलं. बारा पोरं भेदरलेली, पण सगळी धड. मुग्धा म्हणते, "मामा, आज विमान लवकर उतरलं?"

अनघानं लेकीला छातीशी धरलं आणि दुसरा हात मामांवर उगारला. "पोरं होती हो आत! पोरं! लाज नाही वाटली?"

मामा तिच्याकडं बघतच नव्हते. एकेका पोराच्या डोक्याला हात लावून मोजत होते. बारा. पुन्हा पहिल्यापासून. बारा. मग म्हणाले, "मारा, ताई. पुढच्या सीटवर बसलीय ना, ती माझी नात हाय. तिला तरी मी मुद्दाम बसवीन का? वाटलं, उतार हाय, आपला हात हाय. पहिल्या दिशी काळजात धडधडलं. चौथ्या दिशी नाही धडधडलं."

"पण का? का असं?"

"तुमीच लिवलं होतं ना ताई, मार्ग काढा. मी चहा सोडला, दुपारी गाडी खाली पेठंतच ठिवून घाट चालत चढलो-उतरलो. मग दुसरा मार्गच दिसंना." टोपीनं तोंड पुसलं. "हा दिसला. ह्यो काढला."

उगारलेला हात हवेतच राहिला, मंडळी. कारण तो मारायचा कुणाला?

थेंब थेंब राखिला गा, राखिला कोठून?
लेकराच्या पायाखालची भुई काढून!

अनघा तिथंच गटाराच्या कडेला बसली. फोन काढला. आधी ग्रुपचा आवाज सुरू केला, मग लिहिलं, "चिंचेच्या वळणावर गाडी दरडीला घासली. बारा मुलं सुखरूप आहेत. मी मामांना मार्ग काढायला सांगितलं होतं. त्यांनी तो आपल्या मुलांच्या जिवातून काढला. चूक त्यांची आहेच. पण पहिली किल्ली मी फिरवली. फी वाढवायची आहे. आजच."

मग एकानं विचारलं, "पण नक्की किती वाढ?" असतोच असा एक! अनघानं लिहिलं, "त्यांनी आधी मागितली होती तेवढीच." मग एक अंगठा आला. दोन आले. बावीस झाले.

त्या दिवशी अनघा स्कूटीवरून गाडीच्या मागं मागं पुलापर्यंत गेली, किल्ली चालू ठेवून. आणि आता माळेवाडीच्या पोरांचा खेळ बदललाय. मारुतीचं देऊळ आलं की बारा पोरं एका सुरात ओरडतात, "मामाऽऽ, आवाज!" मामा दुसरा गिअर टाकतात, इंजिन गुरगुरतं आणि पोरंही खालपर्यंत त्याच्यासंगं गुरगुरतात. कानठळ्या बसतात! पण अनघा म्हणते, एवढं गोड भजन नाही.

आता कळलं, सुरुवातीला काय विचारलं होतं? माझ्या घासातलं मी वाचवलं, तर ती काटकसर. दुसऱ्याला सांगितलं, "तूच बघ कसं वाचवायचं ते," आणि तोंड फिरवलं, तर तिला काय म्हणाल? नाव तुम्हीच द्या!

आणि माझ्याकडं बघून मान हलवू नका. मी काय वेगळी आहे? आज या देवळात यायला गाडी ठरवली, तर गफूरभाईंशी घासाघीस करून दीडशे रुपये कमी केले, आणि वर कौतुकानं बहिणीला फोन केला! गफूरभाई, कुठं आहात? त्या पारावर? जेवताय? हात धुवा आणि ऐका — ते दीडशे कबूल. चारचौघांत सांगतेय, आता मागं फिरता येणार नाही मला!

ऊन कलतंय. प्रसाद घ्या, पोरांना उचला आणि निघा. डोंगर आहे, सगळ्यांनाच उतरायचंय. कुणी कुणाच्या जीपमध्ये बसाल, कुणी स्वतःच्या गाडीवर. उतार लागला आणि सगळं गोड, गप्प, फुकटचं वाटायला लागलं — तर घाबरा! पुढं बसलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवा, आणि इथं नाम घेतलंत ना, तसंच खणखणीत म्हणा — "दादा, आवाज!"