शोकप्रस्तावातली एक ओळ

वहिनी, सरांचे सगळे विद्यार्थी, आणि शहापूरहून आलेली माझी माणसं,

बोलायला उभी राहिलेय. सर सोमवारी गेले. त्यांच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं काढली. माझा पहिला पांढरा कोट त्यांनीच दिला. हे आधी सांगते, कारण पुढचं जड आहे.

भाजलेल्या माणसांसाठी त्वचेच्या पेशी वाढवायच्या, हे आमचं काम. प्लास्टिकच्या थाळीत त्या वाढायच्या, पण उचलायला गेलं की थर फाटायचा. मी विणकराची पोर. म्हटलं, सर, चौकटीवर रेशमाचे धागे ताणून बघू का?

सर हसले, माझ्याच बोलीत म्हणाले, "काय गं, हितंबी साडी इणतीस व्हय?" मग म्हणाले, "बघ करून."

धागा आईनं पाठवला. दोन महिने नुसती बुरशी. पेशी मरत होत्या, मी रडत होते. एका रविवारी घरी गेले, धाग्याचं विचारलं, तर आई म्हणाली, "चांगली खळ लावून देतीया की गं. लेकीच्या हापिसाचा धागा, तसाच कसा धाडू?"

मागावर चढणाऱ्या धाग्याला देतात ती पेजेची खळ. बुरशीला जेवणच! मी धागा तीनदा उकळून काढला. पेशी जगल्या. थर अलगद उचलला गेला. सरांनी चौकट उजेडाला धरली. "जमलं गं पोरी," एवढंच म्हणाले.

शोधनिबंध छापून आला. वर चार नावं. माझं कुठं? खाली, आभारात. धागा पुरवल्याबद्दल.

धागा पुरवल्याबद्दल!

विचारलं, तर म्हणाले, "पुढच्या निबंधात तुझं नाव पहिलं. शब्द देतो." पुढचा आला. त्याच्या पुढचाही आला. नोकरीच्या एका मुलाखतीत मला विचारलं, सरांची पद्धत तुम्हाला जमते का? मी म्हटलं, जमते. नोकरी दुसऱ्याला मिळाली.

आणि हेच सर, माझे आप्पा आजारी होते तेव्हा चार दिवस डबा घेऊन दवाखान्यात येत होते. दगाच द्यायचा होता, तर इतकी माया कशाला लावली, सर?

गेल्या महिन्यात सरांना दवाखान्यात भेटायला गेले. वाटलं, आज त्या नावाबद्दल बोलतील. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "चौकटी नीट ठेव गं." मी भेटायची वेळ संपेपर्यंत बसून राहिले. आता कुणाला विचारू?

आज हा शोकप्रस्ताव वाचायला माझ्याच हातात दिलाय. सर शिस्तीचे होते, खरं. विद्यार्थ्यांना जीव लावत, खरं. पण त्यात एक ओळ आहे : 'रेशमी चौकटीची पद्धत सरांनी एकट्यानं शोधली.' वहिनी, मला माफ करा. आई समोर बसलीय. ही ओळ मला वाचता येणार नाही. ती मी खोडलीय.

उरलेल्या सगळ्या ओळींसाठी आता दोन मिनिटं शांत उभं राहूया.

आई, तूही ऊठ. माझे सर होते ते.