चादरीखालचा हिरवा उजेड

काका : ...आणि हे कुणाचा बाप खरं मानणार नाही, म्हणून मी सांगतच नाही. पण तू शेजारच्या खाटेवरचा, त्यातून पाट्या रंगवणारा. रंगातलं कळतं तुला. ऑपरेशनच्या वेळी माझे दोन्ही पाय हिरवे झाले होते.

रंगारी : काका, मला काही सांगू नका. ही पिशवी भरली की मी चाललो घरी. उद्याचं ऑपरेशन नको मला.

काका : भर की. मी कुठे हात धरलाय? हिरवे म्हणजे, आतून दिवा लावल्यासारखे.

रंगारी : कोणता हिरवा?

काका : अं?

रंगारी : पोपटी, शेवाळी, का बाटलीचा?

काका : पोपटी. कोवळं पान उन्हात धरल्यासारखा. पण मला सांग, कॅन्सर प्रोस्टेटचा आणि तू मघापासून पायच काय चाचपतोयस?

रंगारी : माझ्या थोरल्या भावाचं हेच ऑपरेशन झालं होतं, बरीच वर्षं झाली. कॅन्सर गेला, पण उजवा पाय जो सुजला तो उतरलाच नाही. वहिनी पँटची एक बाजू उसवून देते त्याला. माझं पोट शिडीवर आहे, काका. तसला पाय घेऊन शिडी चढू कशी?

काका : त्यांना तेव्हा दिसत नव्हतं रे. प्रोस्टेटच्या आसपास वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात. कॅन्सर तिथे जाऊन दडलाय का, हे बघायला त्या काढतात. त्यांना खेटूनच पायातलं पाणी वर नेणाऱ्या नळ्या आणि ग्रंथी. चरबीत सगळं एकसारखं. चुकून पायाचं काही गेलं की पाणी पायातच तुंबतं.

रंगारी : मग तुमचं काय केलं?

काका : डॉक्टरीणबाईंनी पायाच्या बोटांच्या बेचक्यात सुईनं रंग टोचला. तो नळ्यांमधून चढत चढत पोटात गेला. हिरवं दिसेल ते पायाचं, त्याला धक्का लावायचा नाही. तू पाटी रंगवताना अक्षरांवर चिकटपट्टी लावतोस ना, तसं.

रंगारी : कडेला लावतो. अक्षरांवर नाही.

काका : तेच ते. मी टेबलावर पडल्या पडल्या सगळं बघत होतो. बाई म्हणाल्या, काका, पाय जरा इकडे करा, कोपऱ्यातली कात्री दिसत नाहीये.

रंगारी : काहीही.

काका : पुढे ऐक. वॉर्डातली वीज गेली, तर सगळे पेशंट माझ्या खाटेभोवती पत्ते खेळायला. पाय वर धरून धरून मी दमलो. एकाला हुकूम दिसेना, तर मला म्हणतो, अंगठा हलवा.

रंगारी : आणि आता चादर कंबरेपर्यंत ओढलीय ती?

काका : पूर्ण विझले नाहीत अजून. तुला झोप लागायची नाही, म्हणून झाकलेत.

सिस्टर : हे काय, पिशवी कुणी भरली?

रंगारी : मी. सिस्टर, पायात रंग टोचला की नळ्या हिरव्या दिसतात, हे तरी खरं का?

सिस्टर : खरं आहे. पण नुसत्या डोळ्यांना नाही, खास कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसतात. आणि पेशंट तेव्हा गाढ झोपेत असतो. पाय सुजणारच नाही अशी हमी मी देणार नाही, पण धोका कमी व्हावा म्हणूनच ते करतात. तुमचंही तसंच करणार आहेत. डॉक्टरांनी काल काकांना समजावलं, तसं आज तुम्हालाही समजावतील.

रंगारी : काल समजावलं?

सिस्टर : चित्र काढून. काकांनी दोनदा काढायला लावलं. काका, मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही, लक्षात आहे ना?

(सिस्टर जाते. रंगारी पिशवी खाटेखाली सरकवतो आणि काकांच्या पायांवरची चादर उचलतो.)

काका : अरे, थंडी वाजते.

रंगारी : बेचक्यात सुईची साधी खूण नाही. आणि पाय केवढे गार पडलेत. काका, तुमचं ऑपरेशन अजून व्हायचंय.