आम्ही ओढा साफ केला

अध्यक्षस्थानी बसलेले आपले सरपंच बाळासाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या मोहिनीताई, आणि हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बचत गटाच्या वतीनं बोलायचा मान मला, उज्ज्वलाला, दिलात. थोडंच बोलेन, उन्हं कलण्याआधी सगळ्यांना घरी पोचायचंय.

बिबट्याचा अभ्यास करायला ताई ओतूरला खोली घेऊन राहिल्या, आपल्या घराघरांत हिंडल्या. चुलीला काय जाळता? शेळ्या कुठं बांधता? पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या कुठं टाकता? सगळ्यांनी ‘खड्ड्यात पुरतो’ म्हणून ठोकून दिलं. कुशाबाई तेवढ्या म्हणाल्या, “वढ्याला टाकतो की! समदीच टाकत्यात, लाज कसली?” हसा, हसा. ताईंनी ते सगळं कॉम्प्युटरात घातलं. पडद्यावर आपली घरं पिवळे ठिपके, बिबट्या लाल. घरं जशी वागतील तसा लाल ठिपका सरकायचा. काय कौतुक वाटायचं आम्हाला!

मग निरोपाची भेट काय द्यावी? साडी त्या घेत नाहीत. सरपंचांनी शब्द टाकला आणि सगळ्या वस्तीनं मिळून गुपचूप ओढा साफ केला. मेलेल्या कोंबड्या आता खरंच खोल पुरायला लागलो, म्हणजे बिबट्या डोंगरात निघून जाईल.

आज सकाळी ताईंना ओढा दाखवला. त्या खूश होतील, असंच वाटलं होतं ना आपल्याला? त्या तिथंच लॅपटॉप उघडून मला म्हणाल्या, “ओढ्यावरचं खाणं एकदम बंद केलं तर बिबट्या डोंगरात जात नाही, उज्ज्वलाताई. उसातून गोठ्याकडं येतो. आधी गोठ्यांना जाळ्या, मग ऊसतोड, मग ओढा. हेच मी आज सांगणार होते.”

मंडळी, उसाला लागून पहिला पिवळा ठिपका माझा आहे. माझी समृद्धी शाळेतून त्याच बांधावरनं येते. काल आमचं कुत्रं घरी आलं नाही. मी म्हटलं, हिंडत असंल कुठं तरी. आता मला भ्याव वाटतंय, राव. लई भ्याव वाटतंय.

निरोप द्यायला उभी राहिले खरी, पण ताई, मी न्हाई देत. जाळ्या बसेपर्यंत तुमी थांबा. आमी चांगलं करायला गेलो, आता पुढं काय करायचं ते आमाला कळत न्हाई.

मांडव घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलताना तोल गेला असेल तर पोटात घाला. आणि एकटं कुणी उठू नका. पोरं मधे घ्या, मोठ्यानं बोलत चला. समृद्धी तिकडं दाराशी बसलीय. आधी तिला आत घ्या.