मिठाच्या गुळण्या

अंबाडीच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी दिघाशीचं एक जोडपं डॉक्टरांना दाखवून औषधाची वाट बघत होतं. नवऱ्याचा घसा बसला होता.

"डॉक्टर काय बोलले? जवळ बसून कुणी खोकलं की लागतं हे. तुमच्याजवळ कोण खोकलं?"

"गोदामात पन्नास माणसं हायेत, कुंदा."

"आजारी एकटी रूपाच हाय. तुम्हीच सांगितलंत."

"एका टेबलावर पॅकिंग करतो आम्ही. लागणारच."

"आणि त्या लाल गोळ्या?"

"तिच्या उरल्या होत्या, म्हणून दिल्या."

"त्याच बंद करा म्हणाले डॉक्टर. व्हायरसवर त्या चालत न्हायत. आराम करा, कोमट पाणी प्या, गुळण्या करा. मी चार दिवस दुसरं काय सांगत होते?"

"केल्या ना गुळण्या."

"कधी? मी ठेवलेलं पाणी तर रोज तसंच थंड व्हायचं."

"गोदामात केल्या. जेवणाच्या सुट्टीत."

"गरम पाणी कुठून आलं?"

"चहावाल्यानं दिलं."

"आणि मीठ?"

"तिनं आणलं होतं. घरून, पुडीत."

कंपाउंडरनं मनोज म्हणून हाक मारली. उठली ती बाई.

"भाऊ, हे एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून काय करायचं?"

"हात धुवायचे, खोकताना रुमाल धरायचा, जरा लांब बसायचं."

"ह्यांच्या कागदावर लिहून द्या. लांब बसायचं, ते मोठ्या अक्षरात."